रोग पलीकडच्या गावचा

सीमाभागात राहणाऱ्या माणसाला ‘पलीकडे’ हा शब्द फार उपयोगी पडतो. उसाला दर पलीकडे बरा मिळतो, बस पलीकडची वेळेवर येते, आणि घरातला मुलगा बिघडलाच तर तो पलीकडच्या मित्रांमुळे बिघडलेला असतो. पलीकडे म्हणजे नक्की कुठे, हे बोलणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. निपाणीकराचं पलीकडे म्हणजे कागल, आणि कागलकराचं पलीकडे म्हणजे निपाणी.

गेली काही वर्षं हाच शब्द मी एका वेगळ्याच संदर्भात ऐकते आहे. आमच्या महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवते. रेड रिबन क्लबचं, म्हणजे विद्यार्थ्यांमध्ये एच.आय.व्ही.विषयी जागृती करण्याचं कामही माझ्याकडे आहे. त्या निमित्तानं आसपासच्या तालुक्यांतल्या मराठी आणि कन्नड शाळांच्या शिक्षकांशी सतत बोलणं होतं. त्यातले बरेचसे माझेच जुने विद्यार्थी, त्यामुळे आडपडदा कमी. या सगळ्यांना मी एक साधा प्रश्न विचारत आले आहे: तुमच्या गावात एच.आय.व्ही.चा धोका किती आहे, आणि तो कुणाला आहे?

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: फारसा नाही. खरी गंमत दुसऱ्या अर्ध्यात आहे. खानापूरकडचे एक गुरुजी म्हणाले, “आमच्याकडं नाही हो. गोव्याला कामाला जातात ना पोरं, तिकडून काय ते येतं.” चिकोडी तालुक्यातले एक मास्तर कन्नडमध्ये म्हणाले, “नम्म ऊराग इल्ल बिडरी,” आणि मग मराठीत, “ते सगळं मिरज-सांगलीकडं.” गडहिंग्लजच्या बाईंनी हायवेकडे बोट दाखवलं, संकेश्वर-निपाणीच्या ढाब्यांकडे. अथणीच्या सरांच्या मते हा आजार ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येतो आणि हंगाम संपला की त्यांच्याबरोबरच जातो. वास्कोला माझी एक नात्यातली बहीण शाळेत शिकवते. तिला फोनवर विचारलं तर ती पटकन म्हणाली, “अगं, आमच्याकडे हे सगळं तुमच्या कर्नाटकातूनच आलेलं.”

मी ही उत्तरं एका कागदावर नकाशा काढून बाणांनी मांडली. खानापूरचा बाण गोव्याकडे, चिकोडीचा सांगलीकडे, गडहिंग्लजचा हायवेवर. गोव्याचा बाण वळून परत कर्नाटकात, बहुधा खानापूरच्याच रस्त्यानं. ज्या गावाकडे तिथल्याच शिक्षकानं बोट दाखवलं, असं गाव मात्र एकही सापडलं नाही.

हे शिक्षक अडाणी नाहीत. एच.आय.व्ही. कसा पसरतो हे त्यांतल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे: असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आणि आईकडून बाळाला. डासांमुळे नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, हेही ते सांगतात. परीक्षेत विचारलं तर पैकीच्या पैकी गुण. ‘कसा’ हे त्यांना पक्कं माहीत आहे. ‘कुणाला’ असं विचारलं की मात्र विज्ञान बाजूला पडतं आणि भूगोल सुरू होतो. भूगोलाच्या पाठोपाठ जात येते.

त्यांच्या बोट दाखवण्याला काहीच आधार नाही, असंही नाही. भारतात एच.आय.व्ही. पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली चेन्नईत, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यापासून सांगली-कोल्हापूरमार्गे बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात तो झपाट्यानं वाढला. पुणे-बेंगळुरू महामार्ग, साखर कारखाने, तंबाखूच्या वखारी, कोकणात आणि गोव्यात कामाला जाणारे मजूर, सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या आणि पुढे शहरांच्या वस्त्यांत पोचलेल्या मुली, हे सगळं आपल्याच परिसरातलं. वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती गोवा सरकारनं २००४ च्या जूनमध्ये पाडली. तिथल्या कितीतरी बायका मूळच्या कर्नाटकातल्या आणि आंध्रातल्या होत्या. तेव्हा वास्कोची बहीण अगदीच खोटं बोलत नाही.

पण आकडे काय सांगतात ते पाहावं. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच लोकांचं रक्त तपासलं गेलं. तेव्हा देशातलं प्रौढांमधलं प्रमाण ०.२८ टक्के निघालं. कर्नाटकात ते ०.६९ टक्के होतं आणि महाराष्ट्रात ०.६२. म्हणजे देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच. विषाणूनं महाजन अहवाल वाचलेला नव्हता. त्याच्याही आधी, २००३ च्या सुमारास, आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात तज्ज्ञांनी लोकांचं सर्वेक्षण केलं होतं. तिथे प्रौढांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या घरात आढळलं, आणि ही साथ शहरापुरती नाही, खेड्यांतही मुरलेली आहे असं दिसलं. ‘हा शहरातला रोग’ असं गावोगावचे शिक्षक सांगत होते, ते याच काळात.

धोका कुणाला, या प्रश्नावर शिक्षकांच्या तोंडून जी यादी येते ती आता मला पाठ झाली आहे. लॉरी ड्रायव्हर, देवदासी, मुंबईला गेलेले गवंडी, ऊसतोडवाले, आणि शेवटी आवाज बारीक करून गावातली एखादी गल्ली. त्या गल्लीचं नाव बहुतेक वेळा तिथल्या जातीचंच नाव असतं. या यादीतलं कुणीही शिक्षकांच्या खोलीत चहाला बसत नाही, एवढं एक त्या सगळ्यांमध्ये समान.

एकदा एका प्रशिक्षणात एक सर ड्रायव्हर लोकांबद्दल बोलत होते. “घरापासून लांब राहतात, हातात रोख पैसा असतो, एकटेपणा असतो, त्यामुळे मॅडम, पाय घसरतो.” निरीक्षण चुकीचं नव्हतं. मी विचारलं, “सर, तुमची नेमणूक कुठं आहे?” साठ-सत्तर किलोमीटर लांब. खोली करून राहतात, शनिवारी दुपारी घरी येतात. सगळे हसले, सरही हसले, आणि विषय तिथेच थांबला. सर चांगले गृहस्थ आहेत, मला काही सुचवायचं नव्हतं. पण लांब राहणं आणि एकटेपणा ही जोखमीची कारणं असतील तर ती ड्रायव्हरला लागू होतात आणि शिक्षकाला होत नाहीत, हे कसं काय? धोका धंद्यात किंवा गल्लीत नसतो, विशिष्ट कृतीत असतो. आणि ती कृती कुठल्याही घरात, पगारपत्रक असलेल्या घरातसुद्धा, होऊ शकते. आफ्रिकेत हे फार मोठी किंमत देऊन कळलं. १९९९ या एका वर्षात सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत साडेआठ लाखांहून अधिक मुलांचा शिक्षक एड्सनं हिरावला गेला, असा युनिसेफचा अंदाज होता. शिक्षकही याच समाजातला माणूस आहे, हे तिथल्या रिकाम्या खुर्च्यांनी सांगितलं. आपल्याकडे तसं झालं नाही, हे आपलं नशीब.

ही यादी शिक्षकांच्या डोक्यात आली कुठून, याचाही विचार करायला हवा. सगळा दोष त्यांचा नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ साली स्थापन झाली, आणि तिच्या कामात पुढे ‘अतिजोखमीचे गट’ हा शब्द रुळला. जिथे संसर्ग जास्त तिथे आधी पोचायचं, यात गैर काहीच नव्हतं. किंबहुना नव्या संसर्गाचं प्रमाण पुढे घटलं त्यात या धोरणाचा मोठा वाटा आहे. पण सरकारी कागदातला ‘गट’ हा शब्द आपल्या गावात पोचेपर्यंत त्याची ‘जात’ झाली. ‘गटात नाही, म्हणजे धोका नाही,’ असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि तो लावणं सगळ्यांना सोयीचं होतं.

त्यातून जे झालं ते उफराटं होतं. ज्यांना समाजानं धोक्याचं मूळ ठरवलं, त्याच बायका आधी शहाण्या झाल्या. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेचं काम १९९२ साली सुरू झालं. त्यातून १९९६ मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली, आणि पुढे हे काम आपल्या उत्तर कर्नाटकातही आलं. गोकुळनगरसारख्या वस्तीतल्या, शाळेची पायरी न चढलेल्या बायका एकमेकींना निरोध वाटत होत्या, गिऱ्हाइकाला कसं पटवायचं ते शिकवत होत्या, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेत होत्या. आणि त्याच सुमारास मळवट भरलेली, सत्यनारायणाला बसणारी, शाळेच्या हळदीकुंकवाला येणारी बाई मात्र पूर्ण अंधारात होती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं, कारण ती कुठल्याच ‘गटात’ नव्हती.

पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास झाला. त्यातल्या ज्या देहविक्रय करत नव्हत्या, बहुतेक विवाहित आणि एकाच पतीशी संबंध असलेल्या, त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना एच.आय.व्ही.चा संसर्ग आढळला. हा आकडा दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्यांचा आहे, सर्वसाधारण बायकांचा नाही, हे लक्षात ठेवून वाचावा. तरीही त्यानं तेव्हा अनेक डॉक्टरांची झोप उडवली. या बायकांचा एकमेव ‘धोका’ म्हणजे त्यांचा नवरा होता.

हे मी शिक्षिकांच्या एका गटाला सांगितलं तेव्हा खोली अगदी शांत झाली. मग एक अक्कोरू, कन्नड शाळेतल्या, हळूच म्हणाल्या, “मॅडम, आम्ही मुलाचं घर बघतो, पगार बघतो, घरात कोण कोण आहे ते बघतो.” पुढचं त्या बोलल्या नाहीत. गावात शिक्षक म्हणजे स्थळं सुचवणारा हक्काचा माणूस. “घर चांगलं आहे” हे त्याचं वाक्य मुलीच्या बापाला रक्ताच्या रिपोर्टापेक्षा मोठं वाटतं. शिक्षकाच्या डोक्यातल्या नकाशाचा परिणाम असा थेट एखाद्या मुलीच्या आयुष्यावर होतो. म्हणूनच त्याला काय वाटतं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

वर्गात काय होतं, तेही सांगायला हवं. २००५ च्या सुमारास केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम’ आणला. नववी आणि अकरावीच्या मुलांसाठी सोळा तासांचा अभ्यासक्रम होता. २००७ मध्ये त्यावर गदारोळ झाला. चित्रं अश्लील आहेत, संस्कृतीला धक्का बसतो, अशी ओरड झाली आणि अनेक राज्यांनी तो थांबवला. त्यात महाराष्ट्रही होता आणि कर्नाटकही. सीमाप्रश्नावर जन्मात एकमत न होणारी दोन राज्यं या एका बाबतीत एकाच वर्षी एकमतानं वागली! २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनंही शाळेत लैंगिक शिक्षण नको, असंच मत दिलं.

मी तेव्हा नोकरीत नवीन होते. शिक्षकांना वाईट वाटलं असेल, असं समजून मी बोलायला गेले की समोरून सुटकेचा निःश्वास ऐकू यायचा. त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. पंचविशीतली, लग्न ठरायची असलेली शिक्षिका वर्गात ‘निरोध’ हा शब्द उच्चारते. संध्याकाळपर्यंत तो शब्द तिच्या नावासकट गावभर होतो. पालक शाळेत येतात, एस.डी.एम.सी.चे अध्यक्ष येतात. तिच्या पाठीशी कोण उभं राहणार? मुख्याध्यापक? “बाई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं?” असं म्हणून ते मोकळे. त्यामुळे विज्ञानातला तो धडा आला की मराठी शाळेत ‘घरी वाचा’ आणि कन्नड शाळेत ‘मनेयल्ली ओदिकोळ्ळरी’. तेवढ्यात धडा संपतो.

दुभाषिक घरांत तर याला आणखी एक पदर आहे, आणि तो वाचकांना ओळखीचा वाटेल. मोठ्यांना मुलांपासून काही लपवायचं असलं की ते दुसऱ्या भाषेत शिरतात. मराठी घरात कन्नड, कन्नड घरात मराठी. मुलांना दोन्ही येतात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी हा खेळ चालतो. शिक्षकही तेच करतात. आईच्या भाषेत लाज वाटते म्हणून कन्नड शब्द, तो जड झाला की इंग्रजी. एच.आय.व्ही.ला गावात कुणी एच.आय.व्ही. म्हणत नाही. मराठीत ‘तो आजार’, कन्नडमध्ये ‘दोड्ड रोग’. नाव घ्यायचं नाही, हा दोन्ही भाषांचा अलिखित करार.

आपल्याकडच्या शिक्षकांची परंपरा मात्र अशी भित्री नाही. सत्तरच्या दशकात गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. पुढे देवदासींच्या प्रश्नासाठी खपलेल्यांत याच भागातले प्राध्यापक होते. निपाणीत प्रा. सुभाष जोशींनी तंबाखूच्या वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांची संघटना बांधली, ती काही शासनाचं परिपत्रक आलं म्हणून नाही. कर्नाटकानं १९८२ साली देवदासी प्रथेवर बंदीचा कायदा केला, महाराष्ट्रानं नवा, अधिक कडक कायदा २००५ मध्ये. या कायद्यांच्या मागे ज्यांचे पाय झिजले त्यांत शिक्षक कमी नव्हते. त्यांनी ‘ती गल्ली’ नकाशावर पाहिली नव्हती, तिथे जाऊन जमिनीवर बसून चहा घेतला होता. आजच्या शिक्षकाच्या डोक्यावर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत आणि माध्यान्ह आहारापासून अंड्यांच्या हिशेबापर्यंत इतकं ओझं आहे, की त्या गल्लीत जायला त्याला सवड कुठली, हेही खरंच.

आता एक नवं उत्तर ऐकू येऊ लागलं आहे. विशेषतः तिशीच्या आतले शिक्षक म्हणतात, “मॅडम, तो आजार आता संपला ना?” भिंतीवरच्या जाहिराती गेल्या, टीव्हीवर काही दिसत नाही, म्हणजे संपला. २०२३ च्या अधिकृत अंदाजानुसार देशात पंचवीस लाखांहून अधिक लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत, आणि त्यात सुमारे ४४ टक्के स्त्रिया आहेत. प्रमाण प्रौढांमध्ये ०.२० टक्क्यांपर्यंत खाली आलं, ही आनंदाची गोष्ट. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत या आजाराची नीट, पुरेशी माहिती असलेल्या स्त्रिया शंभरात २२ आणि पुरुष ३१ निघाले. आजार कमी झाला हे खरं. माहिती वाढल्यामुळे तो कमी झाला असं मात्र या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

संपला नाही, पण बदलला आहे, आणि हा बदल शाळेच्या दारातून आत आला आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं ए.आर.टी.ची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, आधी मोजक्याच रुग्णालयांत, मग जिल्ह्याजिल्ह्यांत. २०१७ पासून तर संसर्ग कळला की लगेच औषध, असं धोरण आहे. नियमित औषध घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसा दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. पूर्वी जी मुलं आईकडून हा संसर्ग घेऊन जन्मली आणि फार जगणार नाहीत असं मानलं गेलं, ती या गोळ्यांवर वाढली, दहावी झाली, बारावी झाली. ती आज आमच्या महाविद्यालयांत बाकावर बसलेली आहेत. आपल्या गावात कुणी नाही, असं ज्या वर्गात शिक्षक छातीठोकपणे सांगतात, त्याच वर्गात कदाचित तिसऱ्या बाकावर कुणी मान खाली घालून ते ऐकत असतं.

अशी एक मुलगी मला भेटली. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. आईवडील लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं. ठरावीक दिवसांनी ती गैरहजर राहायची, कारण जिल्हा रुग्णालयात औषध आणायला जावं लागायचं. दर वेळी रजेचं कारण वेगळं. एकदा आजीला ताप, एकदा मावशीकडे बारसं. क्लबच्या कार्यक्रमानंतर बऱ्याच दिवसांनी तिनं मला खरं सांगितलं. प्राथमिक शाळेत तिच्या गुरुजींना हे कळलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. उलट तिच्या काळजीपोटीच त्यानं तिला वेगळा पेला दिला आणि इतर मुलांना सांगितलं की तिच्याशी जपून खेळा, तिला लागलं-खुपलं तर हात लावू नका. दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी कुणीच खेळेना. आजीनं शाळा बदलली, गावही बदललं. मी तिला विचारलं, आता सर्वांत जड काय जातं? ती म्हणाली, “मॅडम, गोळी रोज तीच असते. खोटं मात्र दर वेळी नवं लागतं.”

तिला धोका विषाणूपासून नाही, तो तिनं गोळीनं दाबून ठेवला आहे. तिला धोका आहे तो आमच्या नजरेपासून. शिक्षकांच्या बैठकीत धोक्याची चर्चा निघते तेव्हा हा धोका कुणाच्याही यादीत नसतो.

कायदा तिच्या बाजूनं आहे, पण तो फार थोड्या शिक्षकांनी वाचला आहे. एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एच.आय.व्ही. आहे म्हणून शाळेत प्रवेश नाकारणं, शाळेतून काढणं, वेगळं बसवणं हा त्यानुसार निषिद्ध भेदभाव आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि कळलेली गोष्ट संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. म्हणजे शिक्षकाला कळलं तरी त्यानं ते स्टाफरूममध्ये बोलायचं नाही. या कायद्यातलं एक कलम वाचून मी बराच वेळ थांबले होते. आईवडील या आजारानं गेलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या घरात बारा वर्षांवरचं, समजूतदार मूल आपल्या धाकट्या भावंडाचं पालक म्हणून शाळेच्या प्रवेश अर्जावर सही करू शकतं. कायदा करणाऱ्यांना अशी घरं दिसली होती. अर्ज घेणाऱ्या मुख्याध्यापकालाही ती दिसायला हवीत.

गेल्या वर्षी आम्ही शिक्षकांसाठी एक छोटं शिबिर घेतलं. व्याख्यानं कमी ठेवली. प्रत्येकाला आपल्या शाळेत एक कुलूपबंद खोकं ठेवायला सांगितलं, मुलांनी त्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि शिक्षकांनी महिन्यातून एकदा वर्गात त्या वाचून उत्तरं द्यायची. बऱ्याच जणांनी ते मनावर घेतलं नाही. हुक्केरी तालुक्यातल्या एका सरांनी घेतलं. शिबिरात याच सरांनी आपल्या गावात असलं काही नसल्याची ग्वाही दिली होती, हे मुद्दाम नोंदवते. पहिल्या महिन्यात खोक्यात मुरुमांपासून परीक्षेच्या भीतीपर्यंत सगळं निघालं. काही चिठ्ठ्या चावट होत्या, त्या त्यांनी गालातल्या गालात हसून बाजूला ठेवल्या.

दुसऱ्या महिन्यात एका रात्री त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. एक चिठ्ठी होती, मराठीत लिहिलेली, वरचं ‘सर’ तेवढं कन्नड लिपीत. तिच्यात विचारलं होतं, “माझ्या आईनं ती तपासणी केली तर गावात कळतं का?”

सर म्हणाले, “मॅडम, अक्षर ओळखीचं आहे.”

मी म्हटलं, “सर, ते अक्षर तुम्ही ओळखत नाही.”

थोडा वेळ दोघंही गप्प. मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला आणि पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज येत राहिला. तालुका रुग्णालयात तपासणी मोफत होते का? होते. नवऱ्याला सांगावं लागतं का? तपासणीला फक्त तिची संमती लागते. निकाल कुणाला देतात? तिलाच, आणि आधी-नंतर समुपदेशक बोलतो. फोनवर आधी विचारायचं असेल तर? १०९७, पैसे पडत नाहीत, नाव विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी सरांनी चिठ्ठी वाचून दाखवली नाही. सगळ्या वर्गाला म्हणून त्यांनी ही उत्तरं फळ्यावर लिहिली, डाव्या बाजूला मराठीत, उजव्या बाजूला कन्नडमध्ये, आणि तास संपल्यावर फळा पुसायचा नाही असं वर्गप्रमुखाला सांगितलं.